दुपारी दोनच्या सभेचं नियोजन

सभा ही आपोआप होत नसते, ती भरवावी लागते. आणि भरवायची तर नियोजन आलं. नियोजन चांगलं असेल तर सभेत काही झालं नाही तरी चालतं. किंबहुना काहीही होऊ नये इतकं चोख नियोजन फार थोड्या संस्थांना साधतं. आमच्या राजकोटच्या सबमर्सिबल पंप उत्पादक मंडळाला ते साधलं. मंडळाचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, या नात्याने ती हकिकत सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

केनियातल्या किसुमूहून ओटिएनो नावाचे मोठे व्यापारी येणार होते. त्यांच्याकडे बोअरवेलची मोठी योजना निघाली होती आणि वर्षभराचे सगळे पंप त्यांना एकाच गावातून घ्यायचे होते. एक तर राजकोट, नाहीतर कोइंबतूर. आमच्याकडे ते दुपारी बाराला उतरणार आणि संध्याकाळच्या विमानाने पुढे जाणार, असा कार्यक्रम आला.

ही ऑर्डर मंडळातल्या सगळ्यांनाच हवी होती. व्रजलालभाई पिठवांना ती मिळायलाच हवी होती. आजी नदीकाठच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची फाउंड्री आहे. पंपाच्या पोटात फिरणारा पंखा ते ओततात, आणि त्यांच्यासारखा पंखा साऱ्या सौराष्ट्रात कोणी ओतत नाही. पण काम नसल्याने भट्टी उन्हाळ्यापासून थंड होती. वडिलांच्या वेळचे कारागीर रोज येत, पत्ते खेळत आणि घरी जात. "दिवाळीपर्यंत काम आलं नाही तर भट्टी मोडीत काढावी लागेल," असं व्रजलालभाई पहिल्याच नियोजन बैठकीत म्हणाले. बैठकीने त्यांच्या भावनांची नोंद घेऊन पुढचा विषय घेतला. पुढचा विषय फरसाण हा होता.

अडचण एकच होती, ती म्हणजे वेळ. राजकोट दुपारी एक ते चार झोपतं. (हा आळस नव्हे. आळशी माणूस कधीही झोपतो. आम्ही वेळेवर झोपतो.) शटर खाली येतात, यंत्रं थांबतात, कुत्रीसुद्धा भुंकायचं काम चारनंतरवर टाकतात.

"मग बाराला उतरले की लगेच सभा घेऊ," व्रजलालभाई म्हणाले. "जेवण मागाहून."

अध्यक्ष जमनभाई वेकरियांना हे फार लागलं. "अरे व्रजलाल, पाहुणा विमानातून उतरतोय, आणि तू त्याच्या हातात ताट द्यायचं सोडून पंखा देणार? उद्या किसुमूत जाऊन सांगेल, राजकोटवाल्यांनी उपाशी ठेवून धंद्याच्या गोष्टी केल्या. तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?"

साडेबाराला जेवण आणि दोनला सभा, असा ठराव एकमताने झाला. त्यासाठी चार समित्या नेमल्या: भोजन समिती, स्वागत समिती, शाल समिती (ही आधी स्वागत समितीतच होती, पण आपसात पटेना म्हणून वेगळी केली) आणि जागरण समिती.

जागरण समितीचं काम आदर्श होतं. दुपारी जागं राहायचं तर झोप आगाऊ घेऊन ठेवावी, असा शास्त्रीय विचार तिने मांडला. त्यानुसार सर्व सभासदांनी आठवडाभर सकाळी दहा ते बारा झोपावं असं ठरलं. मंडळाच्या इतिहासात एखादा ठराव इतक्या निष्ठेने कधीच पाळला गेला नव्हता. निष्कर्ष असा निघाला, की सकाळची झोप दुपारच्या झोपेतून वजा होत नाही, तिच्यात मिळवली जाते. मग जागं राहण्याची रंगीत तालीम ठेवली. तिला तिघे आले. एकाची दाढ दुखत होती, दुसरा अहमदाबादहून आलेला कोणाचा तरी जावई होता आणि तिसरे व्रजलालभाई. तालीम समाधानकारक झाल्याचा अहवाल मी दिला.

तो दिवस उजाडला. ओटिएनो साहेब उंचेपुरे, हसतमुख गृहस्थ. किसुमूच्या गुजराती दुकानदारांत वाढल्यामुळे आमची भाषा त्यांना छान येत होती. पानात वांग्याचा ओळो, म्हणजे आमचं भरीत, बाजरीचे रोटले, लोणी, गूळ, कढी आणि चुरम्याचे लाडू. भोजन समितीच्या प्रमुख दमयंतीबेन स्वतः वाढत होत्या. तांब्याच्या तारांचा कारखाना चालवणाऱ्या या बाईंना नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"बेन, झाले की दोन लाडू," साहेब म्हणाले.

"ते तुमच्या भुकेचे. हा माझ्या आग्रहाचा."

"आणि हा?"

"हा तुमच्या मिसेसचा. त्या आल्या नाहीत म्हणून काय त्यांचा वाटा परत न्यायचा?"

साहेब सज्जन होते. त्यांनी बायकोचा लाडू खाल्ला. मग मुलांचे खाल्ले. (त्यांना चार मुलं आहेत ही महत्त्वाची व्यापारी माहिती आम्हाला अशी मिळाली.) वर दोन पेले थंडगार ताक झालं.

बरोबर दोनला सभा सुरू झाली, हे मी अभिमानाने नमूद करतो. स्वागत समितीने लग्नाच्या हॉलमधून मखमली सोफा आणला होता. शाल समितीने पाहुण्यांना चांगली दुहेरी, ऊबदार शाल पांघरवली. एसी लावलेला होता. जमनभाई माईकसमोर उभे राहिले. "आजचा दिवस आपल्या उद्योगाला जाग आणणारा आहे," हे त्यांचं वाक्य संपलं तेव्हा साहेबांची मान सोफ्याच्या पाठीवर टेकली होती. जमनभाईंनी माईक बंद केला, "दोन मिनिटं" असं म्हणून खुर्चीत बसले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. मग सभागृहाने अध्यक्षांचं अनुकरण केलं.

मी इतिवृत्त लिहायचं म्हणून जागा होतो. व्रजलालभाई मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पंखा घेऊन बसले होते. ते उठून माझ्याजवळ आले.

"मंत्रीभाई, उठवू का?"

"कोणाला, पाहुण्याला?"

"पाचच मिनिटं हो. बोलत नाही मी काही. नुसता हा त्यांच्या हातात देतो. त्या माणसाला मालाची पारख आहे, हातात धरला की कळेल त्याला."

"झोपलेल्या पाहुण्याला हात लावायचा म्हणजे मंडळाचा ठराव लागेल," मी म्हणालो.

"मग मांडा की ठराव!"

मी नियम पाहिले. गणसंख्येसाठी सभासद उपस्थित असावे लागतात. ते जागे असावेत असं कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा 'पाहुण्यांना उठवावं' हा ठराव मी रीतसर मांडला. हरकत आली नाही, म्हणजे एकमताने मंजूर. खात्रीसाठी 'पाहुण्यांना उठवू नये' हाही मांडला. तोही एकमताने मंजूर. दोन ठराव परस्परविरोधी असतील तर निर्णय अध्यक्षांचा, असा नियम आहे. अध्यक्षांनी कूस बदलली.

"तुमच्या नियमांना लागो आग," व्रजलालभाई म्हणाले आणि थेट सोफ्यापाशी गेले. त्यांनी हात पुढे केला. खिडकीतून उन्हाची तिरीप साहेबांच्या डोळ्यांवर येत होती. व्रजलालभाईंनी हात मागे घेतला. मग खिडकीपाशी गेले आणि आवाज न करता पडदा ओढून आले.

मला फार वाईट वाटलं. इतिवृत्तात यासाठी रकाना नसल्याने तिथे ते लिहिलं नाही.

चारला गाडीच्या हॉर्नने साहेब उठले. "आई गेल्यापासून असा झोपलो नव्हतो," असं म्हणत त्यांनी प्रत्येकाला मिठी मारली. पायऱ्या उतरताना त्यांना पंप आठवले. "हो, हो, कागद पाठवा!" व्रजलालभाई पंखा घेऊन गाडीपर्यंत धावले, पण तोवर दमयंतीबेननी साहेबांच्या दोन्ही हातांत लाडवांचे डबे दिले होते. पंखा घ्यायला हात मोकळा नव्हता.

ऑर्डर कोइंबतूरला गेली. साहेबांचं आभाराचं पत्र आलं: तिथे पेलाभर कॉफी देऊन लाकडी खुर्चीवर बसवलं, तुमची सर कशालाच नाही. मंडळाने पत्र फ्रेम करून लावलं. दिवाळीच्या आधी व्रजलालभाईंची भट्टी भंगारवाला तुकडे करून घेऊन गेला. ते पाहायला त्यांचे कारागीर उभे होते. मंडळातून कोणी जाऊ शकलं नाही, कारण भंगारवाला दुपारी आला.

आता तुम्ही हसाल. तुमच्या गावात दुपारी दोनला लोक टक्क जागे असतात, समोर वही असते, हातात पेन असतं, हे मला माहीत आहे. तुमच्या गेल्या सभेतही कडेच्या खुर्चीवर कोणीतरी मांडीवर काहीतरी घेऊन बसलं होतं, दोनदा बोलायला उठलं होतं, आणि अध्यक्षांनी 'वेळेअभावी' म्हणून त्याला खाली बसवलं होतं. तुम्ही ते पाहिलंत आणि घड्याळाकडे बघितलंत. आमचे सभासद निदान झोपलेले होते.