भिकू आणि त्याची घंटा घातलेली माणसं

घंटा कड्याखालून वाजत होती.

आम्ही उभे होतो तिथून चार पावलांवर जमीन संपत होती, पण नेमकी कुठं संपते ते धुक्यात दिसत नव्हतं. भिकू पालथा पडला, सरपटत पुढं गेला, डोकं कड्याबाहेर काढून ओरडला, "मोडकसाहेब! हलू नका! हाव तिथंच बसा!"

खालून उत्तर नाही. नुसती घंटा वाजली. मग एक धोंडा निसटून गेल्याचं ऐकू आलं. तो खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

मोडकबाई माझ्या अंगावर कोसळल्या. "अहो, हे बोलत का नाहीत?"

मी काय सांगणार? माणूस पडला, बोलत नाही, म्हणजे शुद्धीत नाही. शुद्धीत नाही, म्हणजे कूस बदलली तरी खाली दरीत. हे मनात. तोंडानं मी म्हटलं, "बाई, आधी मागं सरका. नायतर तुमाला पन काढायला लागंल."

भिकू सरपटत मागं आला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. त्यानं खांद्यावरचा दोर उतरवला, एक टोक अंजनीच्या बुंध्याला बांधलं, दुसरं कमरेला, आणि म्हणाला, "वयनी, मी खाली जातो."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. भिकूइतका भित्रा माणूस आमच्या कुडपणच्या पठारावर दुसरा नव्हता.

भिकू माझा धाकटा दीर. लग्न झालं नाही. दोन ठिकाणी मुलगी बघायला नेला, तर दोन्ही ठिकाणी मुलीच्या बापानं काही विचारायच्या आत हाच त्याला विचारू लागला, "तुमच्या घराच्या वर दरड हाय, ती पावसात हलत नाय ना?" कोण मुलगी देणार? माझा नवरा गेला, मुलं मुंबईला लागली, मग घरात आम्ही दोघंच. तो गोठ्याच्या बाजूला, मी चुलीच्या.

वाटाड्या होण्याइतका धीट तो कसा झाला, असं लोक विचारतात. झालाच नाही. गावातले धीट सगळे मुंबईला गेले, हा राहिला. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब आले, त्यांना पठारावरून माणसं हिंडवायला वाटाड्या हवा होता आणि उतरायला घर. दिवसा डोंगरात चालायचं आणि रात्री गादीवर झोपायचं, अशी ती सहल. माणसं पाय दुखवून घ्यायला येतात आणि मग ते शेकायला गरम पाणी मागतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कंपनीनं माझ्या दोन खोल्यांना रंग दिला, गाद्या टाकल्या, खुर्चीसारखा संडास बसवला आणि भिंतीवर गिझर लावला.

त्या गिझरला भिकू वाघासारखा भ्यायचा. बटण दाबायचं ते दाराबाहेर उभं राहून, काठीच्या टोकानं. आणि आत कोणी आंघोळीला गेलं की दाराशी बसून राहायचा. "बाई, बऱ्या हाव ना?" आतून बिचारी बाई ओरडायची, "अहो, जा ना तुम्ही!" हा सरकायचा नाही. फुटला तर कोणीतरी जवळ पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

कंपनीच्या साहेबांनी त्याला डोंगराची माहिती शिकवली. हा सगळा सह्याद्री म्हणजे पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस, वर आला, पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. भिकूनं ते पाहुण्यांना त्याच्या भाषेत सांगायला सुरुवात केली, "भाकरीवर भाकरी रचावी, तसा हा कडा." ते पाहुण्यांना आवडायचं. पण त्या दिवसापासून भिकूची झोप गेली. साहेबांना म्हणाला, "तो रस परत येनार नाय ना?"

"अरे बाबा, कोट्यवधी वर्षं झाली त्याला."

"म्हंजे आता येळ झालीच असंल."

तेव्हापासून रोज सकाळी निघायच्या आधी तो वाटेवरच्या पहिल्या कातळावर पंजा ठेवून उभा राहायचा. मग वळून सांगायचा, "थंड हाय. चला." उन्हाळ्यात कातळ तापलेला असला की सहल अडून बसायची. मी मागून शिव्या घालायची तेव्हा हलायचा.

आणि घंटा. ती तर त्याची सर्वात मोठी खोड. एकदा मुंबईचा एक पाहुणा लघवीला म्हणून झाडामागं गेला आणि धुकं उतरलं. समोरासमोर उभं राहिलं तरी माणूस दिसत नाही असं आमच्याकडचं धुकं. तो सापडेपर्यंत भिकूचं तोंड राखेसारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्यातल्या सगळ्या जनावरांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या आणि पाहुण्यांसमोर मांडल्या.

"हे काय?"

"गळ्यात घाला."

"आम्ही काय गुरं आहोत?"

"गुरांस वाट म्हाईत असती," भिकू म्हणाला. "तरी घालतो."

मला वाटलं, आता कंपनी याला हाकलणार. पण पाहुण्यांनी फोटो काढले, हसले, आणि घालून चालू लागले. पुढं कंपनीनं ते आपल्या कागदावर छापलं, डोंगरी लोकांची जुनी रीत म्हणून. कसली जुनी रीत, भिकूच्या भीतीची रीत. सगळ्यात पुढं तो, मागं ओळीनं माणसं, आणि थोड्या थोड्या वेळानं हा ओरडायचा, "कोन मागं हाय?" की सगळ्यांनी घंटा हलवायची. शेवटची घंटा वाजल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

महाडहून पाहुणे आणायचा रशीद जीपवाला. तो खाली उतरला की पहिलं विचारायचा, "काय भिकूशेट, आज गुरं भरली का समदी?"

"तुझ्या पन गळ्यात घालीन येकादिवशी."

"नको रे बाबा! माझी बायको म्हनंल आता बरा सापडला."

एवढा भित्रा, पण पाहुण्यांचा एकही माणूस त्यानं कधी हरवला नाही, हेही सांगते.

तर ते मोडक. पुण्याचे, निवृत्त. नवराबायको दोघंच आले, भादवा सरत आला होता तेव्हा. मोडकांनी परदेशातले आगीचे डोंगर बघितले होते, बर्फाच्या नद्यांवरून चालून आले होते. आल्या आल्या सांगायला लागले, तिकडं दिवसभर चालून आलं की हॉटेलात गरम पाण्याचा तलाव, मऊ टॉवेल, आणि वाट दाखवायला सहा फुटी गोरी मुलगी. "काय चालायची! दिवसभरात एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही तिनं!"

भिकू जेवता जेवता थांबला. "मागं नाय बघितलं? मंग ती वाट कोनाला दाखवीत व्हती?"

मोडकांना ते झोंबलं. सकाळी घंटा घालायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मी हिमनदीवरून चालून आलोय, मला हे लोढणं नको." बाईंनी डोळे वटारले म्हणून घातली. भिकूनं त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं, शेवटच्या घंटेवर त्याचा कान असायचा. अनुभवी माणूस म्हणून, असं त्यांना सांगितलं. मी भाकऱ्यांची पाटी घेऊन मधे, माझ्यापुढं बाई. माझ्या गाईचं वासरूही नेहमीसारखं मागून निघालं. भिकू त्याला हातावर मीठ चाटवायचा, म्हणून ते त्याच्या मागं मागं यायचं.

पठारावर पोचलो आणि धुकं आलं. भिकू ओरडला, "कोन मागं हाय?" बाईंनी घंटा हलवली. मी हलवली. मागून तिसरी वाजली. पुढं निघालो. पुन्हा विचारलं, पुन्हा तिन्ही वाजल्या. त्यानंतरच्या वेळी तिसरी घंटा मागून वाजली नाही, डाव्या बाजूनं, लांबून वाजली. डाव्या बाजूला कडा. भिकू तिकडं पळाला. त्याला पळताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आम्ही पोचलो तोवर घंटा कड्याखाली गेली होती.

आता भिकू दोर बांधून कड्याकडं तोंड करून उतरू लागला. मी म्हटलं, "भावजी, तुमाला जमंल?"

"नाय जमनार," तो म्हणाला आणि खाली गेला. आधी पाय दिसेनात, मग कंबर, मग डोकं. दोर हळूहळू सरकत राहिला. मी त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, जसं काही माझ्या हातांनी तो थांबणार होता. बाई मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होत्या. मी कोणाचंच घेत नव्हते. मला फक्त तो दोर दिसत होता.

तेवढ्यात मागून धुक्यातून, गावात जीप घेऊन थांबलेल्या रशीदचा आवाज आला, "वयनी! कुटं हाव? बाई कशाला ओरडतायत?" आणि त्याच्यामागून, गळ्याभोवती टॉवेल, केस ओले, मोडकसाहेब.

बाईंनी किंकाळीच फोडली. आधी त्यांना मिठी मारली, मग दंडावर चापट्या मारल्या.

"अगं, बूट भिजले म्हणून मी गावाजवळूनच परत फिरलो," मोडक म्हणाले. "गरम पाण्यानं आंघोळ केली. झालं काय एवढं?"

"आनि घंटा?" मी विचारलं.

मोडकांनी एकदा बायकोकडं बघितलं. "ती... त्या वासराच्या गळ्यात घातली. गंमत म्हणून."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्या वेळी एकही आठवली नाही. कड्याकडं तोंड करून ओरडले, "भावजी! वर या! सायब सापडले! हितं हायत!"

खालून, खूप खालून आवाज आला, "मंग ह्यो कोन हाय?"

"वासरू हाय! सोडा त्येला! वर या!"

थोड्या वेळानं आवाज आला, "हां. वासरूच हाय."

रशीदनं दोर धरला आणि ओढला. दोर हलका आला. फार हलका. तो ओढत गेला, दोर येत गेला, आणि शेवटी मोकळं टोक कड्यावरून वर आलं, ओलं, चिखल लागलेलं. रशीद ते टोक हातात धरून बघत राहिला. "या अल्ला," एवढंच म्हणाला. मोडक खाली बसले.

खाली घंटा अजून वाजत होती. थांबून थांबून. मी सांगते, त्या आवाजाइतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही, आणि तो थांबू नये असंही कधी एवढं वाटलं नाही. वाजत असेल तोवर खाली काहीतरी जिवंत आहे. मग ती दोनदा वाजली, एकदा वाजली, आणि थांबली.

आम्ही हाका मारल्या. रशीदनं मारल्या, मोडकांनी मारल्या, त्यांचा तर आवाज फाटला. रशीद दोर परत खाली सोडत होता, झटकत होता. कोणी धरत नव्हतं. मी हाका मारायची थांबले. माझ्या डोक्यात आलं, संध्याकाळी गोठ्यात दूध काढायला मी जाणार, आणि तिकडच्या बाजूला कोणी खोकणार नाही.

मग दोराला हिसका बसला.

रशीद आणि मोडक, दोघांनी ओढलं. मोडकांच्या तळहातांची सालं निघाली, तरी सोडलं नाही त्यांनी. आधी भिकूचा हात वर आला, मग डोकं. गुडघे फुटले होते, अंगभर चिखल. वर आल्यावर तो गवतावर पालथा पडून राहिला. गवत मुठीत धरून ठेवलं होतं, सोडता सोडवेना.

मी म्हटलं, "दोर कशाला सोडला व्हता, मेल्या?"

"पुरत नव्हता. वासरू आनिक खाली व्हतं, टप्प्यावर."

"मंग बघितल्यावर लगीच फिरायचं. येवडा वेळ खाली काय करत व्हतास?"

भिकू उठून बसला. बाईंनी पाणी दिलं ते त्याच्या हनुवटीवरून सांडलं.

"कंबरडं मोडलं व्हतं त्याचं," तो म्हणाला. "डोळं फिरवत व्हतं. लई भ्यालं व्हतं, वयनी. मांडीवर डोकं घेतलं तवा गप झालं. मंग आता जायाचंच हाय तर जाऊ दे म्हनलं, तवर बसू."

"आनि तू? तुला नाय भीती वाटली?"

"माझं काय," भिकू म्हणाला. "मी तर रोजच भितो. माला सवय हाय. त्येला नव्हती."

मोडक त्याच्याजवळ येऊन बसले. आपल्या गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या फुटलेल्या गुडघ्याला बांधू लागले. भिकूनं त्यांना विचारलं, "सायब, बूट वाळलं का?"

धुकं दुपारी उठलं. आम्ही पाचजण चालत घरी आलो. वासरू कड्याखाली राहिलं.