नंदू तांडेल गाणं रेकॉर्ड करतोय

आमच्या आळीत दुपारी दोन ते तीन कुकर लावायला बंदी आहे. ही बंदी नगरपरिषदेची नाही, नंदू तांडेलची आहे. त्या तासाभरात नंदू आपल्या घरात रॉक गाणं रेकॉर्ड करतो. एकच गाणं. गेली सहा वर्षं.

नंदू साठीचा. जन्म बोटीवर गेला. बोट विकल्यावर त्याने अच्छाडच्या एका ढाब्यामागे धूळ खात पडलेलं, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान टेम्पोत घालून डहाणूला आणलं. चार ट्रॅकचं कॅसेट मशीन, ड्रमचा संच, तापायला दहा मिनिटं घेणारा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि हातात धरला की झटका देणारा माइक. झटका बसला की नंदू समाधानाने म्हणतो, "बराबर चालू आहे." आवाज घुमायला हवा असेल तेव्हा तो स्पीकर आणि माइक मासळीच्या रिकाम्या बर्फपेटीत ठेवून झाकण लावतो. त्यामुळे त्याच्या गिटारला वास येतो असं माझी बायको म्हणते. तिचं नाक तिखट आहे.

मी वाणगावच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून मला सगळं कळतं अशी नंदूची समजूत. "मास्तर, पेटीत मासळी कशी भरतात? एक थर बर्फ, एक थर मासळी, परत बर्फ. गाणं पण तसंच. खाली ड्रम, त्यावर बेस, त्यावर गिटार, एकदम वरती मी. थर बसला पाहिजे!"

सगळे थर नंदूचेच. तळाचा ड्रम तेवढा थोरल्या भावाचा, दामूचा. दामू भिंतीपलीकडे राहतो. ड्रम झाल्यावर नंदूला खोली फार घुमते असं वाटलं. म्हणून जुनी जाळी टांगायला त्याने मधल्या भिंतीत खिळे ठोकले, आणि पलीकडे दामूचा देव्हारा खाली आला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

यंदा पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरली. घरात ओल्या वस्तूवर जो उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तोच नंदूने केला. पाऊस सरल्यावर बोंबील सुकवायच्या दोरीवर, दोन बोंबलांच्या मध्ये, कॅसेट दिवसभर कडक उन्हात टांगली. संध्याकाळी लावली तर ड्रम पाण्याखालून वाजत होता. मी म्हटलं, हल्ली मोबाइलमध्ये ड्रम मिळतात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न घेताच घरी आलो.

दोन दिवसांनी तो दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, दामूला तुम्ही सांगाल? मला तोंड नाही."

मी गेलो. दामू जाळं शिवत होता. "त्याला सांगा, माझे गुडघे गेले," तो म्हणाला. मग बराच वेळ सुई चालवून, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी दोनला दामू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आला. मी मध्ये उभा.

"मास्तर, त्याला सांगा, तिसऱ्या कडव्याला घाई करायची नाही."

"मास्तर, त्याला सांगा, मी वाजवायला लागलो तेव्हा हा चड्डीत मुतत होता."

दामूने असा वाजवला की बर्फपेटीचं झाकण थरथरलं. मला ताल कळत नाही, तरी अंगावर काटा आला. नंदूने हेडफोन काढला. "थर बसला नाही. उद्या परत."

उद्या तेच, परवा तेच. पाचव्या दिवशी दोघं माझ्याशिवायच भांडायला लागले. आठव्या दिवशी दामूने घरून कोलिमाची, म्हणजे बारीक जवळ्याची, चटणी आणली आणि वाजवणं राहून गेलं. तरी दामू निघताना नंदूने बजावलंच, "उद्या दोनला."

मला म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची दया आली. शिवाय काल-परवा दामू वाजवत असताना मशीनचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलाच नव्हता, हे मी पाहिलं होतं. दामू गेल्यावर मी जरा चिडूनच म्हटलं, "नंदू, अजून किती दमवणार आहेस त्याला?"

नंदू वायर गुंडाळत होता. "ड्रम पहिल्याच दिवशी बसला, मास्तर. एकदम बराबर."

"मग?"

त्याने भिंतीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गाणं पुरं झालं, तर तो उद्या कशाला येईल?"