हिलाल आप्पांची सूट

तुमच्या घरात कुणी गेलं, सुतकाचे दिवस आहेत, आणि भेटायला आलेल्या माणसाने पायरीवर चप्पल काढता काढता "घराच्या कर्जाला विमा होता ना?" असं विचारलं, तर तुम्ही त्याला चहा द्याल की त्याचीच चप्पल हातात घ्याल?

आमच्या गल्लीत अशा माणसाला चहा मिळतो. तो चहा पितो, बशी खाली ठेवतो आणि गेलेल्याच्या फोटोकडे बघून मनापासून हळहळतो, "हाई काय जावानं वय व्हतं का? व्याजनी सूट आजून अर्धी बी लिधी नव्हती."

हे हिलाल आप्पा. नंदुरबारला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. एका सरकारी कार्यालयात पगारबिलं करण्यात त्यांची हयात गेली आहे. कर्ज काढून घर घेणाऱ्याला सरकार आयकरात सूट देतं, म्हणजे भरलेलं व्याज एका मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा होतं, ही गोष्ट तुम्हाआम्हाला माहिती म्हणून ठाऊक असते. आप्पांसाठी ती श्रद्धा आहे. व्याजाचं कलम चोवीस-बी, मुद्दलाचं एटी-सी. ही दोन नावं ते ज्या सुरात घेतात त्या सुरात मी फक्त गावदेवाचं नाव घेतलेलं ऐकलं आहे.

जगात त्यांच्या मते दोनच जातीची माणसं. एक कर्जवाली आणि दुसरी वाया गेलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला मिरचीच्या एका व्यापाऱ्याने मिरची वाळवायच्या पथारीवरच्या कमाईतून रोख पैसे मोजून दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीचं जेवण झालं, सगळ्यांनी घराचं कौतुक केलं. आप्पांनी हात धुतले, यजमानाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कर्ज कितलं?"

"कर्ज नही, आप्पा. सगळं रोख."

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय करानं भो, व्हस कव्हय कव्हय असं." कुणाचा पोरगा दहावीला नापास झाल्यावर बोलतात तसं.

संध्याकाळी ते फिरायला निघतात ते बांधकामं बघत. अर्धवट घर दिसलं की मालकाला हाक मारून बजावतात, की पाच वर्षांच्या आत पुरं कर, नाहीतर दोन लाखांची सूट तीस हजारांवर येईल. मालकाकडे वाळूला पैसे नसतात. तो आप्पांना बघून मागच्या दाराने निघून जातो.

एकदा तर गुरुजींशी जुंपली. कार्यालयातल्या एका शिपायाचं घर तयार होत आलं होतं. गुरुजींनी वास्तुशांतीला चैत्रातला मुहूर्त काढला. घर एकतीस मार्चच्या आत पुरं झालं तर त्या सबंध वर्षाच्या व्याजावर सूट मिळते, हे आप्पांना झोपेतही आठवतं. ते तडक गुरुजींकडे गेले.

"फाल्गुनातला द्या."

"फाल्गुनात चांगला मुहूर्तच नाही, आप्पा. होळी आहे."

"होळीच्या आधी द्या."

"ग्रहमान बघावं लागतं."

"ग्रह आयकर भरतस का, म्हाराज?"

शेवटी घर पुरं झाल्याचा दाखला मार्चात निघाला आणि पूजा चैत्रात झाली. आप्पा दोन्हीकडे पेढे खाऊन आले.

कायद्याची गोष्ट असली की आप्पा पुस्तकी मराठी बोलतात, बाकी सगळं अहिराणी. फेब्रुवारी उजाडला की त्यांच्या टेबलाभोवती ग्रामसेवक, शिक्षक, नर्सबाया, सगळ्यांची गर्दी. कुणी सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जायची रजा मागायला आलेला असतो, आप्पा आधी त्याच्या कर्जाचं विचारतात. आणि प्रत्येकाला एकच मंत्र. "घरात तुझं नाव पाहिजे, कर्जात तुझं नाव पाहिजे. एक असून चालत नाही. बायको नोकरीला असेल तर तिचंही टाक. दोन्ही नावं, दोन्ही सूट."

माझं आणि त्यांचं भांडण इथूनच सुरू झालं. आमच्या घरात देवाच्या तसबिरीपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. मी त्यांवरच वाचायला शिकले आणि आता तशीच लिहिते. त्यामुळे आप्पा मला नावाने हाक मारत नाहीत. "काय व, पत्रकवाली! आज कोन्ही जिरावनी?"

मी म्हणायचे, "तुमची, आप्पा. ज्याला बँक दारात उभं करते त्यालाच सरकार सूट देतं. हा कुठला न्याय?"

एके दिवशी त्यांच्या टेबलापाशी दिलवर बसला होता. दिलवर पावरा, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, नवा लागलेला शिक्षक. त्याची आई वनजमिनीवरच्या घरात राहते. त्या जमिनीचा कागद नाही, म्हणून कर्ज नाही. घरकुलाचा हप्ता कुठेतरी अडकला आहे. आई दर पावसाळ्याआधी कुडाच्या भिंती स्वतः लिंपते. मी म्हटलं, "आप्पा, या माउलीला कुठल्या कलमात बसवता?"

 आप्पा पुस्तकी मराठीत म्हणाले, "करपात्र उत्पन्न नाही, तिथे सूट नाही." आणि दिलवरकडे वळून, "तू नंदुरबारले प्लॉट ले. मायले आठे आन."

दिलवर हसला. "ती नाही येणार, आप्पा. ती म्हणते, तुमच्या घरात चुलीला जागा नाही."

मला राग आला होता. अजून आहे. या देशात व्याज भरणाऱ्याचं सरकारला कौतुक आहे, भिंत लिंपणारीचं नाही. हे मी तेव्हा लिहिलं होतं, आताही लिहिते, आणि आप्पांच्या तोंडावर म्हणाले होते, की तुम्ही त्या व्यवस्थेचे पुजारी आहात.

"पुजारी ते पुजारी," आप्पा म्हणाले. "प्रसाद तरी वाटस."

मग नवी करपद्धत आली. तिच्यात दर कमी, पण राहत्या घराच्या व्याजाची सूट नाही. जुनी पद्धत मागून घेता येते, पण तरुण पोरांना तेवढी उठाठेव नको. मोबाइलवर दोनदा बोट दाबलं की काम झालं. हळूहळू फेब्रुवारीत आप्पांच्या टेबलाभोवतीची गर्दी ओसरली. ते मात्र खुर्च्या मांडून ठेवायचे. मी एकदा काही कामाने गेले, तर मलाच बसवून घेतलं.

"सूट गई," म्हणाले, "मानसं बी गयात."

मला खरं सांगायचं तर तेव्हा फार वाईट वाटलं नाही. स्वतः आयुष्यभर पुरेपूर सूट खाल्लेला माणूस, असा माझा हिशेब होता. साऱ्या जिल्ह्याचा तोच हिशेब होता.

गेल्या आखाजीला तो चुकला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आप्पांच्या घरी मांडे करते ती जिजी, त्यांची थोरली बहीण. आप्पांची बायको लवकर गेली. प्रशांत, त्यांचा एकुलता एक मुलगा, याला जिजीनेच वाढवलं. तिला मूलबाळ नाही आणि नवऱ्याने टाकलं त्यालाही फार काळ लोटला. त्या दिवशी मी तिच्या हाताखाली होते. ती हातावर मांडा फिरवत मोठा करायची आणि मी खापराखालचा जाळ बघायचे.

प्रशांत पुण्याहून गाडी घेऊन आला होता. चार घास होताच त्याने विषय काढला.

"बाबा, फ्लॅट बघितलाय. सुरुवातीची रक्कम कमी पडते. हे घर विकू, उरलेलं कर्ज फेडू आणि निवृत्त झालात की तुम्ही माझ्याकडे चला. फ्लॅटला तुमचं नाव टाकतो, कर्जालाही टाकतो. जुनी पद्धत घेऊ. दोन्ही नावं, दोन्ही सूट. तुमचंच शिकवणं आहे."

मी दारातून बघत होते. आप्पांचे डोळे क्षणभर चमकले. खोटं कशाला सांगू, चमकले.

मग त्यांनी विचारलं, "आनि जिजी?"

"आत्याचं बघू ना. गावाला काका आहेत, तिचं माहेरच आहे ते." प्रशांतने रसाची वाटी पुढे ओढली. "फक्त एक घोळ झालाय. मी चौकशी केली. घर आत्याच्या एकटीच्या नावावर आहे. कर्जात तुम्ही दोघं, हप्ता तुमच्या पगारातून, आणि मालक मात्र तुम्ही नाहीच! म्हणजे एवढी वर्षं तुम्ही स्वतः एक रुपयाची सूट घेतली नाही? सगळ्या जगाला अक्कल शिकवता, बाबा, आणि स्वतःच्या घरात ही चूक? असू द्या. आत्याने एक सही केली की निस्तरेल."

जिजीने चुलीजवळून ऐकलं. तिने पदराला पीठ पुसलं आणि बाहेर आली. कसली सही, कुणाच्या नावाने, काही विचारलं नाही.

"आन बेटा. कोठे करू?"

आप्पा उष्ट्या हाताने उभे राहिले.

"नई."

"अरे पन पोऱ्या म्हनी ऱ्हायना तं..." जिजी म्हणाली.

"हाई पोऱ्याना बापनं घर नई शे!" आप्पा ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "हाई तुनं घर शे. तू सही करानी नई. मी मरनू तरी नई."

प्रशांत ताटावरून उठला. बाहेर जाऊन त्याने गाडी सुरू केली. जिजी मांड्यांचा डबा घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली. त्याने डबा घेतला, न बघता मागच्या सीटवर टाकला आणि गेला. जिजी आत आली ती आप्पांकडे न बघता. चुलीत पाणी ओतलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. आप्पांनी हातही धुतला नव्हता. रस बोटांवर वाळला होता.

"चूक नई शे ती," ते म्हणाले, आणि मग तुकड्यातुकड्याने सांगत गेले.

त्यांचं गाव ब्राह्मणपुरी. वडील गेले त्यानंतरची आखाजी. जिजी सासरहून आली होती, झोक्यावर बसली होती. भावांनी आधीच ठरवलं होतं. तिला म्हणाले, चल, तुला तालुक्याचं शहादं दाखवतो. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. निबंधकाच्या कार्यालयात वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर तिने सही केली, भावांनी दाखवली त्या जागी. कागद तिने वाचला नाही, तिला कुणी वाचून दाखवला नाही. येताना भावांनी तिला उसाचा रस पाजला.

"रस मीच पाजा," आप्पा म्हणाले. "ती गावभर सांगत फिरनी, भाऊसनी माले जीपमा फिरावं."

पुढे नवऱ्याने तिला घालवून दिलं. ती माहेरी आली तेव्हा भावांनी सांगितलं, तुझं इथे काही नाही, तूच सही केली आहे. कायदा त्यांच्याच बाजूने होता. आप्पांची नोकरी होती, ते तिला घेऊन नंदुरबारला आले.

"घर लिधं तव्हय बँकवाला साहेब म्हने, आप्पा, दोन्हीसनं नाव टाका, तुमले सूट भेटी. माले माहीत नई का?" ते हसल्यासारखे झाले. "पन मन्हं नाव ऱ्हायनं तर मन्हामांगे पोऱ्या मालक. मंग तिले कोन इचारी?"

मी विचारलं, "मग लोकांना कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मी बहिनले जीपमा बठाडं, हाई सांगू?"

गेल्या आखाजीपासून जिजी त्यांच्याशी बोलत नाही. तिच्या लेखी हिलालने तिचा प्रशांत घालवला. ताट वाढते, सरकवते आणि आत जाते. भिंतीपलीकडून पूर्वी दोघांचा वाद ऐकू यायचा, भाजीत तिखट किती, नळाला पाणी कधी. आता आवाज येतो तो फक्त आप्पांचा. ते तिला रोजच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवतात आणि उत्तर येत नाही. जे घर त्यांचं नाही, त्याचा हप्ता ते अजून भरत आहेत. ज्या बहिणीसाठी भरतात, ती त्यांना दोषी धरते. तिच्यासमोर त्या जीपची गोष्ट काढायची त्यांची अजून हिंमत होत नाही. मी एकदा म्हटलं, "मी सांगते तिला." त्यांनी हात जोडले.

मी त्यांना व्यवस्थेचे पुजारी म्हणाले होते. ते शब्द मी परत घेत नाही, कारण व्यवस्था तीच आहे आणि दिलवरची आई अजून भिंत लिंपते आहे. पण आमच्या जिल्ह्यात लिंपायला भिंतसुद्धा न उरलेल्या बाया आहेत. त्यांना कुणी लुटलं नाही, त्यांना नवं लुगडं नेसवून, मानाने पुढच्या सीटवर बसवून नेलं. हे दरोडेखोरांनी केलं नाही. पगारदार, सज्जन, बहिणीवर माया करणाऱ्या माणसांनी केलं.

आखाजी पुन्हा जवळ आली आहे. तुमची बहीण येईल. तुम्ही भावांनी तिला कुठे न्यायचं ते आपसात ठरवलं असेल, कागद तयार असेल, तर माझी एक विनंती ऐका. तिला झोक्यावर बसू द्या, आणि त्या दिवशी गाडी काढू नका.