दाखल क्रमांक एक ते आठ

नातीच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं होतं. आठ आठवडे ते रोज सकाळी उत्तर लिहीत होते. फक्त टपालात टाकत नव्हते.

पत्र तसं साधं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली ही नात दुसऱ्या गावी आईवडिलांजवळ राहायची. तिला गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर हवा होता; तोही तयार नव्हे, सुटे भाग निवडून घरी जोडलेला, कारण ठरलेल्या रकमेत तसाच चांगला बसतो. 'पण बाबा म्हणतात,' तिनं लिहिलं होतं, 'दुकानदार गंडवतात आणि तुला काही कळत नाही. आजोबांच्या हातची, सहीची यादी आली तरच पैसे देईन, कारण तो माणूस खात्री केल्याशिवाय कागदावर शाई टेकवत नाही. दोन महिन्यांत यादी आली नाही तर त्या पैशांचं वॉशिंग मशीन येणार. आजोबा, भाग एकूण आठ. कुठले घेऊ एवढंच सांगा. प्लीज.'

दुसरा कुणी असता तर कुणाला तरी विचारून आठ ओळी लिहून मोकळा झाला असता. पण ग्रंथपालांनी छत्तीस वर्षं वाचनालय सांभाळलं होतं ते एका नियमावर: स्वतः न वाचलेलं पुस्तक वाचकाला सुचवायचं नाही. त्यापायी त्यांनी एकदा कुक्कुटपालनावरची अकरा पुस्तकं वाचली होती. आता निवृत्त झाल्यावर, तेही सख्ख्या नातीसाठी, नियम मोडायचा?

मग वाचन सुरू झालं. प्रत्येक भागाचं एक कार्ड, कार्डावर गुण, दोष, किंमत आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात शंका. तीन आठवड्यांत कार्डं साखरेच्या डब्यामागे, उशीखाली आणि चष्म्याच्या घरातही सापडायला लागली.

"अहो," बायको म्हणाली, "हे माझ्या पिठात 'रॅम' असं कोण लिहून गेलंय?"

"अगं, ते सोळा की बत्तीस, ते ठरत नाहीये."

"सोळा लिहा आणि पाठवा."

"पण सोळा पुरतात हे मला कुठं माहीत आहे? मी नुसतं वाचलंय."

उत्तराचे खर्डेही होतच होते. पण 'माझ्या अल्प माहितीप्रमाणे' अशी सुरुवात करून ग्रंथपाल पानाच्या शेवटी पोचेपर्यंत 'बहुधा' हा शब्द अकरा वेळा आलेला असे. असल्या यादीवर मुलगा वॉशिंग मशीनच घेईल, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि ते कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"प्रोसेसर बघायचा होता," ते काउंटरशी उभं राहून इतक्या हळू म्हणाले, की दुकानदाराला पुढे वाकावं लागलं. त्यानं एक खोकं काचेवर ठेवलं.

"हा घरी किती दिवस ठेवता येतो?"

"म्हणजे?"

"सात दिवस पुरतील मला. वापरून परत आणून देईन. हवं तर अनामत ठेवतो."

"काका, हे दुकान आहे."

"हो, हो. ते दिसतंच आहे."

"बरं, कुठली गेम खेळता तुम्ही?"

'मी नाही, माझी नात खेळते,' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मागे चार तरुण रांगेत उभे होते आणि खरं सांगायला निदान पाच वाक्यं लागली असती. खोटं एका शब्दात होत होतं.

"सगळ्या," ग्रंथपाल म्हणाले.

दुकानदारानं खोकं उचललं आणि अदबीनं दुसरं आणून ठेवलं. ते ग्रंथपालांच्या कार्डावर पहिल्या क्रमांकाला होतंच. त्यांनी ते विकत घेतलं.

नुसता प्रोसेसर घेऊन काही कळत नाही, हे घरी आल्यावर कळलं. तो बसवायला मदरबोर्ड लागतो. मदरबोर्ड चालवायला पॉवर सप्लाय लागतो. असं करत करत सातव्या आठवड्यात ग्राफिक्स कार्ड आणि हे सगळं आत बसवायचं खोकं, म्हणजे कॅबिनेट, घरात आलं आणि आठ भाग पूर्ण झाले. पडदा आणि कीबोर्ड मुलाचे जुने होते.

"पैसे कुठले हे?" बायकोनं विचारलं.

"यंदाच्या पुस्तकांचे."

"म्हणजे यंदा नवी पुस्तकं नाहीत?" तिनं कपाटांवर माया केल्यासारखी नजर फिरवली. "मग आणा अजून काय आणायचं ते."

इथे ग्रंथपालांच्या हातून एक चूक झाली. खरं तर ती चूक नव्हती, सवय होती. त्यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू वाचायला किंवा वापरायला घेण्याआधी तिची नोंद होत असे, तिला डिंकानं दाखल क्रमांकाचं लेबल लागत असे आणि 'खासगी संग्रह' असा जांभळा शिक्का बसत असे. बायकोच्या कुकरचा क्रमांक चारशे बारा होता. या आठ भागांसाठी त्यांनी नवीन वही घातली आणि एक ते आठ क्रमांक सुरेख अक्षरात लिहून चिकटवले. मगच जोडणीला हात घातला.

पहिलं संकट लगेच आलं. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब निघालं. ग्रंथपालांनी कॅबिनेट उचललं आणि परत दुकान गाठलं.

"बदलून देतो की," दुकानदार म्हणाला, आणि मग त्यानं कॅबिनेट उलटं केलं. "हे काय? शिक्का कुणी मारला?"

"मीच. पुसत नाही तो. चांगल्या शाईचा आहे."

"काका, आता हे मी कुणाला विकू?"

तेही खरंच होतं. मोठं कॅबिनेट ठरलेल्या रकमेत बसत नव्हतं, आणि नातीच्या रकमेबाहेर जाऊन केलेल्या परीक्षेला अर्थ नव्हता. शेवटी ग्रंथपालांनी विश्वकोशाचे सहा खंड काढून पलंगाखाली ठेवले आणि त्या जागी, कपाटाच्या मधल्या फळीवर, सगळे भाग उघडेच मांडले. रिकाम्या कॅबिनेटमध्ये बायकोनं कांदे भरले. "हवा चांगली खेळते यात," ती म्हणाली. घरात त्या दिवशी समाधानी असं ते एकच माणूस होतं.

भाग जोडले, दिवे लागले, पंखे फिरले. नातीनं पत्रात लिहिलेली गेमही चढली. विमानातून शंभर माणसं एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना संपवतात. शेवटी जो उरतो तो जिंकतो. ग्रंथपाल उतरले, पहिल्याच घरात शिरले आणि एका कपाटात जाऊन बसले. दहा मिनिटं गेली आणि पडदा काळा झाला.

"मेलात का?" बायकोनं विचारलं.

"नाही. यंत्रच बंद पडलं."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा कपाट, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा काळोख. आठवडाभर रोज दुपारी हेच.

"आतापर्यंत कुणाला मारलंत?"

"अजून कुणाशी ओळखच झाली नाही."

दोष कुठल्याही भागाचा असेल, असं एकदाही त्यांच्या मनात आलं नाही. आपली निवडच चुकली असणार, याची त्यांना खात्री होती. कार्डावरच्या शंका आता कोपऱ्यात मावेनात; त्या मागच्या बाजूला गेल्या. तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो बायकोनं घेतला.

"आई, अण्णांना सांग, शनिवारी वॉशिंग मशीनवाला येतोय. पोरगी रोज टपालपेटी उघडून बघते. काल म्हणाली, आजोबांना नाहीच जमणार बहुतेक. मी सांगायला नको, पण रडवेली झाली होती."

बायकोनं ते जसंच्या तसं सांगितलं. मंगळवार होता. टपालाला दोन दिवस लागत. ग्रंथपालांनी आयुष्यात फारच थोड्या वेळा केलेली गोष्ट केली: स्वतःहून फोन लावला. "मी... सगळ्या गेम खेळणारा," ते म्हणाले. "जरा घरी येता का?"

दुकानदार दुपारचं दुकान बंद करून आला. कपाटातलं यंत्र बघून तो आधी दोन पावलं मागे सरकला, मग पुढे झाला. त्यानं प्रोसेसरवरचा कूलर उचलला आणि तो तसाच हातात धरून राहिला.

"काका, हे काय आहे?"

धातूच्या चकचकीत पाठीवर करपलेला, तपकिरी पडलेला कागद होता. अक्षर मात्र अजून वाचता येत होतं.

"दाखल क्रमांक एक," ग्रंथपाल म्हणाले.

"प्रोसेसरवर?"

"सपाट जागा तेवढीच होती."

"अहो, तिथूनच तर गरमी बाहेर पडते! तुम्ही त्याला गोधडी पांघरलीत!" दुकानदार खाली बसला आणि पोट धरून हसला. मग डोळे पुसत त्यानं लेबल खरवडलं, गरमी कूलरकडे पोचवणारी थर्मल पेस्ट लावली, कूलर बसवला आणि बाकीच्या सात लेबलांवरून नजर फिरवली. हसू हळूहळू ओसरलं.

"ही निवड कुणाची?"

"चुकली का?"

"चुकली? कॅबिनेट सोडलं तर एक भाग इकडचा तिकडे करायला जागा नाही. एवढ्या पैशात असं मलाही नसतं जमलं. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वाचलं," ग्रंथपाल म्हणाले. छत्तीस वर्षांत हा शब्द त्यांनी इतक्या मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"बसा मग. खेळा."

या वेळी दहा मिनिटं झाली, वीस झाली, पंखे शांतपणे फिरत राहिले. कपाटात बसलेल्या ग्रंथपालांना बाहेरून गोळ्यांचे आवाज ऐकू येत होते. शंभराचे चाळीस झाले, चाळिसाचे नऊ, मग दोन. दुसरा त्याच घरात शिरला.

"आलाय! काका, बाहेर निघा! घाला गोळी!" दुकानदार उभा राहिला. बायको पदर खोचून मागे येऊन उभी होती.

"श्श. तो काहीतरी शोधतोय. आधी सापडू दे त्याला."

तो शोधत राहिला. बेटाभोवतीची सुरक्षित हद्द आक्रसत आली. घाबरून तो चुकीच्या दाराने पळाला आणि हद्दीबाहेर जाऊन आपला आपणच संपला. पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली.

"जिंकलात!" दुकानदार ओरडला.

"मी काहीच केलं नाही."

"तेच तर! पहिल्यांदाच बघतोय मी असं!"

तो गेल्यावर ग्रंथपालांनी कागद ओढला. आठ ओळी आठ मिनिटांत झाल्या. कॅबिनेटच्या जागी दोन बोटं मोठं कॅबिनेट आणि त्याची भरपाई रॅममधून, सोळाच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच. 'बहुधा' एकदाही आला नाही. खाली लिहिलं: 'कॅबिनेट सोडून सर्व भाग स्वतः वापरून पाहिले आहेत,' आणि पूर्ण सही केली.

बायकोनं यादी वाचली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, यादी कशाला? हे सगळं घरात तयारच आहे की! हेच पाठवा पोरीला. तिला कॉम्प्युटर मिळेल, सूनबाईला वॉशिंग मशीन, आणि तुमचा विश्वकोश फळीवर परत."

बोलणं बिनतोड होतं. ग्रंथपालांनी कपाटाकडे पाहिलं. लाजाळू माणसाला जेवढं ताठ होता येतं तेवढे ते ताठ झाले.

"ते देता येणार नाही."

"का बरं?"

"संदर्भ विभागातलं आहे. इथेच बसून वापरायचं."

ग्रंथपालांनी घाईघाईनं पत्राच्या तळाशी आणखी दोन ओळी घातल्या: 'या गेममध्ये दोघांची जोडी करूनही उतरता येतं असं दिसतं. तुझं यंत्र जोडून झालं की सरळ पहिल्या घरात ये. मी कपाटात असेन.'

पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आले. एरवी ते पाकीट अर्धं आत घालून परत काढायचे, पत्ता वाचायचे, पुन्हा घालायचे. आज त्यांनी ते एका झटक्यात सोडलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि झपाझप घराकडे निघाले. सहाला पुढचं विमान सुटणार होतं.