दाजींची मागची खोली

आमच्या गावात टाकलेला कचरा परत येतो. खोटं वाटत असेल तर सुक्या कचऱ्याच्या पिशवीत बांगड्याचे काटे घालून बघा. सकाळी घंटागाडीने नेलेली पिशवी दुपारी जेवणाच्या वेळेला दारात हजर, आणि पिशवीबरोबर दाजी.

"मेंबरा, ह्यो कचरो तुजो मां? थंय बायलो हात घालतत. वायलो कर."

मी ग्रामपंचायतीचा सदस्य. ओटीवर पाहुणे बसलेले, आणि त्यांच्यादेखत मी काटे वायले, म्हणजे वेगळे, करतोय!

दाजी म्हणजे आमच्या कचरा वर्गीकरण शेडचे मुकादम. साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही, अंगात खाकी शर्ट. गावातल्या चार बायका कचरा निवडतात, दाजी त्याचे गठ्ठे बांधून कणकवलीला जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवतात आणि उरलेल्या वेळात गावाची नाडी बघतात. "कचरो खोटा बोलणा नाय," हे त्यांचं पालुपद. माझी साखर वाढल्याचं मी बायकोपासून लपवलं होतं. दाजींनी गोळ्यांची रिकामी पाकिटं ओळखली आणि भर बाजारात, बायको शेजारी असताना, हाक मारली, "मेंबरा, गोळये खातंस आणि वर क्रीमची बिस्किटा पण? दोनातला एक कायतरी सोड!" बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. साखर मात्र उतरली, हे कबूल करायला हवं.

"शेड वाडवा" हा त्यांचा दुसरा ध्यास. पर्यटक वाढले, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग वाढले, शेड होती तेवढीच. ग्रामसभेत विषय रस्त्याचा असो की देवळाच्या रंगाचा, दाजी उभे राहायचेच. "आदी शेड वाडवा. बायलो पावसात भिजान काम करतत." आम्ही इतके वैतागलो की एकदाचा प्रस्ताव पाठवला, आणि काय आश्चर्य, तो चक्क मंजूर झाला! आजूबाजूच्या गावांचा कचराही आता इथेच यायचा होता, गठ्ठे बांधायचं मोठं मशीन बसायचं होतं. दाजींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

मग इंजिनियर नकाशा घेऊन आला. शेडला लागून एक जुनी खोली आहे, ती पाडायची आणि तिथून शेड वाढवायची. दाजींनी नकाशा बघितला, चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला.

"माका नको," ते म्हणाले. "आसा ती शेड बरी आसा."

सरपंचबाई कप तोंडाशी धरून तशाच बसल्या. वर्षानुवर्षं आमचं डोकं खाणारा माणूस नको म्हणतोय! गावात तर्कांना ऊत आला. त्या खोलीला कायम कुलूप असायचं. दाजींनी तांब्याच्या तारा दडवल्यात, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याच्या मते भंगारात सापडलेली देवाची मूर्ती आत होती. संशय मलाही आला, उगाच साळसूदपणा कशाला? शेवटी सरपंचबाईंनी मला आणि इंजिनियरला खोली उघडून घ्यायला पाठवलं.

दाजी दारातच किल्ली घेऊन उभे होते.

"तू एकटोच ये. सायबाक भायर रवांदे. आणि चपला काड."

कचऱ्याच्या शेडमध्ये चपला काढायच्या! काढल्या. आत गेलो.

चारही भिंतींवर माणसं होती. कोट-टोपीतले म्हातारे, नथ घातलेल्या नऊवारीतल्या बाया, खुर्चीवर ताठ बसलेली जोडपी. सगळे फ्रेम केलेले जुने फोटो. काचा लख्ख पुसलेल्या, प्रत्येक फ्रेमवर अबोलीचं ताजं फूल.

"नवी घरा बांदतत आणि ह्येंका गोणीत भरून धाडतत," दाजी म्हणाले. "नियमान काच वायली, लाकूड वायला, कागद वायलो करूक होयो. माणसाचे तीन तुकडे कशे करू? पितरांच्या दिसांनी एक पान वाडतंय. नावा ठावक नाय, म्हणान ‘सगळ्यांनी जेवा’ सांगतंय."

मी भिंतीवरून नजर फिरवत होतो आणि दुसऱ्या ओळीत माझे वडील दिसले.

स्लॅबचं घर झालं तेव्हा ती गोणी मीच बांधली होती. फोटोला वाळवी लागलेली, मोबाईलमध्ये काढून घेतलाय, मग जागा कशाला अडवा, असं मीच म्हणालो होतो. आणि माशाचा काटा परत आणून देणारा हा माणूस वडिलांना घेऊन माझ्या दारात कधी आला नव्हता.

"माका परत कित्याक नाय दिलास, दाजीनू?"

"पोरांसमोर दिलंय आसतंय तर तुका लाज इली आसती."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता घरी नेतंय," मी म्हणालो.

"ने. खंय लावतलंस?"

मी मनातल्या मनात घरातली एकेक भिंत आठवली. एकीवर टीव्ही, दुसरीवर कपाट, तिसरीला बायकोने आणलेला महागडा कागद.

बाहेरून इंजिनियर ओरडला, "साहेब, आत काय आहे? पाडायची ना?"

"नाही," मी म्हणालो. "शेड ओढ्याच्या बाजूने वाढवा. ही खोली राहू दे."

दाजींनी आभार वगैरे काही मानले नाहीत. फडकं घेतलं आणि कोपऱ्यातली शेवटची फ्रेम पुसायला लागले. मी जवळ जाऊन बघितलं. फूल होतं, काच होती, आत फोटोच नव्हता.

"ह्यात कोण, दाजीनू?"

"माजी आये. मी दोन वर्साचो आसताना गेली. तिचो फोटो कोणी कदी काडूकच नाय, चेरो माका आठवणा नाय." त्यांनी फडकं घडी करून खिशात घातलं आणि भिंतीवरच्या नऊवारीतल्या बायांकडे बघितलं. "ह्येंका बगीत ऱ्हवतंय. ह्यांतल्याच एकीसारकी आसतली."