सहा ते सातचा ऑफ तास

शाळेचं वेळापत्रक बसवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे बाई स्वतःच सांगत. बावीस वर्ग, एकोणतीस शिक्षक, एकुलती एक प्रयोगशाळा आणि दुपारच्या जेवणानंतर कुठलाच तास नको म्हणणारे चित्रकलेचे सर, एवढं सगळं त्यांनी सतरा वर्षं एका कागदावर गुण्यागोविंदाने नांदवलं होतं. कुणी गैरहजर राहिलं की बाई कागद काढत, ज्याचा तास मोकळा, म्हणजे ऑफ, असेल त्याच्या नावावर बोट ठेवत आणि त्याला त्या वर्गावर धाडत. याला बदली तास म्हणतात. बदली तास लागलेला माणूस जिन्यात बाईंना काय म्हणतो, हे त्यांच्या कानावर कधी आलं नाही. तोंडावर सगळे त्यांना वेळापत्रकबाईच म्हणत.

तर अशा या बाईंनी एका शनिवारी घराचंही वेळापत्रक बसवायचं ठरवलं. बावीस वर्ग बसवणाऱ्या बाईला घरातली पाच माणसं म्हणजे किस झाड की पत्ती!

निमित्त झालं शाळेतल्या शिबिराचं. कडक इस्त्रीचे एक वक्ते आले होते. ते म्हणाले, "रोज एक तास स्वतःला द्या! फक्त स्वतःला! आणि आता कागदावर लिहा, 'मला मनापासून आवडतं ते...' पुढचं तुमचं तुम्ही!"

एकोणतीस माना खाली गेल्या. गणिताच्या सरांनी 'पोहणे' असं एका शब्दात उत्तर संपवलं. भाषेच्या बाईंनी तर पुरवणी मागितली! आपल्या बाईंनी पेनाचं टोपण तीन वेळा काढलं, तीन वेळा लावलं आणि शेवटी लिहिलं, 'नंतर कळवते.'

परतीच्या बसमध्ये त्या दोन शब्दांनी त्यांचा जीव खाल्ला. सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि आपल्याला काय आवडतं हे आपल्यालाच ठाऊक नाही? मग इतकी वर्षं जगलं तरी कोण? त्यांना रडू आलं. पण आपला थांबा यायला चारच मिनिटं होती, म्हणून त्यांनी ते तेवढ्यात आटोपलं.

रविवारी फ्रिजवर कागद लागला. भाजी चिरणे: नवरा. कपड्यांच्या घड्या: मुलगी. वरण-भाताचा कुकर: सासूबाई. देखरेख: सासरे. तळाशी टीप: कुणी गैरहजर असल्यास बदली तास. आणि संध्याकाळी सहा ते सात या चौकोनात बाईंच्या नावापुढे सवयीने दोन अक्षरं पडली, 'ऑफ'. तिथेच घात झाला.

सासरे निवृत्त हेडक्लार्क. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली फक्त एक झाडाची कुंडी उरली होती. देखरेख हा शब्द वाचून त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "हे बदली तास म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. बाईंनी मोठ्या हौसेने सगळा नियम समजावून सांगितला. सासऱ्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

सोमवारी सहाच्या ठोक्याला सासऱ्यांनी ताटावर डाव आपटला. बाई आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं, वही उघडली. 'मला आवडतं...' इतकं लिहून झालं तोच दार वाजलं.

"अगं, भेंडी आधी धुवायची की आधी चिरायची?"

"आधी धुवायची! मग पुसायची! मग चिरायची!"

"असं होय!" नवरा म्हणाला. "माझा क्रम जरा चुकला."

त्या पुन्हा बसल्या. पुन्हा दार वाजलं. या वेळी सासरे होते, बगलेत वही.

"सूनबाई, मुलगी गैरहजर. कॉलेजातून आलीच नाही. घड्यांना बदली लावावी लागणार."

"मग लावा ना, बाबा."

"तेच तर! सहाला ऑफ कुणाचा, ते पाहिलं." त्यांनी वही पुढे केली. "एकच नाव निघतं."

बाई कपड्यांच्या घड्या घालायला उठल्या. नियम त्यांचाच होता, बोलणार कुणाला? मंगळवारी नवऱ्याचं बोट कापलं, बदली भाजी. बुधवारी सासूबाईंचा गुडघा धरला, बदली कुकर. गुरुवारी तिघंही गैरहजर, तीन बदल्या! पूर्वी हीच कामं त्या मुकाट्याने करायच्या. आता ताटाच्या ठणठणाटात, सासऱ्यांच्या वहीत सही करून करायच्या. एवढाच काय तो फरक पडला होता.

शुक्रवारी बाईंनी शक्कल लढवली. 'ऑफ' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'महत्त्वाचं काम'. खाली कंसात 'व्यक्तिगत'.

आणि घरात एकाएकी शांतता पसरली. डाव वाजला नाही. नवऱ्याने भेंडी न विचारता धुतली. बाई खूश झाल्या. अर्धा तास कुणी फिरकलं नाही, आणि साडेसहाला दार हळूच ढकलून नणंद आत आली. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची.

"वहिनी," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

मागून सासूबाईंनी हुंदका दिला. "बघा, लपवतेय! रोज दार लावून बसते, रडवेली होऊन बाहेर येते. आणि हे महत्त्वाचं काम, व्यक्तिगत! मृत्युपत्र नाही तर दुसरं काय असणार?"

बघता बघता बाईंना पलंगावर आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं आणि भोवती पाचहीजण बसली. मुलगी पाय दाबू लागली. नवरा म्हणाला, "अगं, मी भाजी रोज चिरीन, पण तू जाऊ नकोस." सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच सहा ते सातमध्ये त्या नुसत्या पडून होत्या, आणि श्वास घ्यायला जागा नव्हती!

शेवटी त्या उठून बसल्या. "मला काही झालेलं नाही! मला फक्त एक तास हवाय. मला काय आवडतं, ते शोधायचंय. मला ते माहीत नाही हो!"

मग नणंद म्हणाली, "एवढंच?" आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

सासूबाई मात्र तिथेच बसून राहिल्या. पदराने नाक पुसत म्हणाल्या, "असा तास मागता येतो होय? मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही काय केलं असतं, आई?"

"मी? मी बसच्या आगारात जाऊन बसले असते. गाड्या सुटताना बघायला फार आवडतं मला." सासूबाईंनी क्षणाचाही विचार केला नव्हता. "जायचं कुठे नसतं गं. नुसत्या बघायच्या."

आईंच्या वाट्याला आयुष्यभर एक तास आला नाही, तरी उत्तर तयार होतं. आपल्याकडे तास आहे आणि उत्तराच्या नावाने शंख! त्याच तिरीमिरीत त्यांनी फ्रिजवरचा कागद फाडला आणि नवा बसवला. सगळ्यांना रोज एकेक तास! सासूबाई आगारात जाऊ लागल्या. सासरे कुंडीशी बोलू लागले. नवऱ्याला झोप आवडते असं निष्पन्न झालं, आणि मुलीला मैत्रिणीकडे जाणं. कुणाचा तास केव्हा, हे ज्याच्या त्याच्या सोयीने ठरलं. सगळ्यांना सहा ते सातच सोयीचं होतं.

त्यामुळे सहा ते सात बाई एकट्या भाजी चिरत, घड्या घालत, कुकर लावत. सासूबाई आगारातून येत त्या हसऱ्या चेहऱ्याने. ते हसू बघून बाईंना बरं वाटायचं, आणि नंतर सिंकपाशी उभं राहून फार वाईट वाटायचं.

गोष्ट एवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण सकाळी फिरायला गेल्यावर सासऱ्यांनी ती शाळेच्या क्लार्कला सांगितली, आणि क्लार्कने मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

"बाई, काय ऐकतेय मी! घरातल्या प्रत्येकाला रोज एक तास स्वतःचा? त्या वक्त्यांना फोन केला मी. ते तर उडालेच! पुढचं शिबिर तुम्हीच घ्यायचं. बारा शाळांचे शिक्षक येणार, आठ दिवस. विषय, 'स्वतःसाठी एक तास'!"

"केव्हा असतं ते?"

"सहा ते सात."

"अहो, पण ती वेळ माझी..."

"म्हणून तर ठेवली! तुमच्या सासऱ्यांनीच सांगितलं, त्या वेळी तुम्हाला ऑफ असतो."

नाही म्हणायला बाईंनी तोंड उघडलं होतं. पण मोठ्या बाईंनी त्यांच्या नावावर बोट ठेवलं होतं, आणि त्या बोटापुढे काही चालत नाही हे बाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? बाईंनी सही केली. घरातल्या कामांना आठ दिवस बदली कोण, हा प्रश्न त्यांनी पहाटे साडेचारला उठून सोडवला.

शिबिर गाजलं! बाई फळ्यावर चौकोन आखत, खडूने दाखवत, लोक माना डोलवत. शेवटच्या दिवशी पहिल्या रांगेतली एक नवी शिक्षिका उभी राहिली. वहीत डोकं खुपसून आठही दिवस लिहीत होती बिचारी.

"बाई, एक विचारू? तुमच्या त्या तासात तुम्ही स्वतः काय करता?"

बाईंनी घड्याळ बघितलं. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी फळ्याकडे बघितलं, हातातल्या खडूकडे बघितलं, समोरच्या दोनशे माणसांकडे बघितलं.

"हे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं.

सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. मोठ्या बाईंनीही डोळे टिपले. पहिल्या रांगेतल्या त्या पोरीने बाईंचं उत्तर वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.