नमुना नंबर दोन

हवालदार हंबीरराव लढाई संपवून पलूसला घरी आले त्याला तीन महिने झाले होते. तेवढ्यात त्यांच्या बायकोला, मनुबाईला, ते पलटणीत असतानाची चौदा वर्षं फार सुखाची वाटू लागली होती. हवालदारांनी स्वयंपाकघरातली भांडी उंचीप्रमाणे रांगेत लावली होती. शेणीच्या ढिगावर चुन्यानं नंबर घातले होते. म्हैस पाचच्या ठोक्याला उठत नाही म्हणून तिला रोज सकाळी बोलणी बसत होती.

अशात माधवनगरच्या एका कापड गिरणीतून पत्र आलं. फाटकावर पहारेकऱ्याची जागा होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं.

"जावा की," मनुबाई म्हणाली. "फाटक लोखंडी, मानसं वळीनं आत जानार. तुमचा जीव लय रमंल."

"मी मळा करनार हाय," हवालदार म्हणाले.

ओढ्याकाठी त्यांची पंधरा गुंठे जमीन पडीक होती. तिथं वांगी, घेवडा, गवारी लावायची आणि ती रसूल बागवानाच्या छकड्यातून रोज माधवनगरच्या बाजारात पाठवायची, असा बेत होता. रसूल येऊन जमीन बघूनही गेला होता. त्यानं ढेकूळ फोडलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि थुंकून म्हणाला, "मीठ न्हाई. वांगं झकास येतंय. लावा बिनघोर."

पण जिभेवर विश्वास ठेवतील तर ते हवालदार कसले! "आमी इजिप्तच्या वाळूत कोबी काढलाय गड्या, पर आदी माती तपासून. सरकारी रपोट पायजे."

"बरं," मनुबाई म्हणाली, "रपोट चांगला आला तर मळा. न्हाई आला तर गिरनी. कबूल?"

"कबूल!" हवालदार म्हणाले आणि सवयीनं टाचा जुळवल्या.

घटस्थापनेच्या दिवशी शेतकी खात्याचे साहेब साताऱ्याहून चावडीवर येणार होते. नमुने घ्यायचे आणि दहाला मोटारीनं परत. हवालदारांनी आदल्या दिवशीच तयारी केली. चार कोपऱ्यांतून चार आणि मधून एक अशी वीतभर खोलीवरची माती काढली, सावलीत सुकवली, खडे वेचून मनुबाईच्या चाळणीनं चाळली. जुन्या खाकी विजारीचा पाय कापून पिशवी शिवली, तिच्यावर चिठ्ठी लावली, 'नमुना नंबर एक'. घरात सगळ्यात कोरडी आणि थंड जागा देवघराची, म्हणून पिशवी तिथं ठेवली आणि निवांत झोपी गेले.

सकाळी आंघोळ करून, फेटा बांधून ते देवघरात आले तर पिशवी रिकामी. झटकून, नीट घडी घालून ठेवलेली.

"ह्यातली माती कुटं गेली?"

"देवीफुडं," मनुबाई म्हणाली. पत्रावळीवर माती पसरून, तिच्यात सात धान्यं पेरून, वर पाण्याचा घट ठेवून तिनं यमाईचा दिवासुद्धा लावला होता. तिचे डोळे पाणावले होते. "आवं, लगीन झाल्यापासनं दरसाली मीच ओढ्यावर जाऊन घटाची माती आनतीया. औंदा तुमी आनली, ती बी चाळून! मला तर रडूच आलं."

रडू आता हवालदारांना येत होतं. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. जर्मनांच्या तोफांपुढे उभा राहिलेला माणूस तिथं नुसता उभा राहिला. आणि बायको इतकी खूश होती, की खरं सांगायला तोंड उघडेना.

साडेनऊ वाजले होते. ओढा कोसभर लांब. रिकाम्या हातानं साहेबापुढे जाणं तर लष्करी शिस्तीत बसत नव्हतं. चुकीची वस्तू घेऊन वेळेवर जाण्याबद्दल मात्र शिस्तीत काही लिहिलेलं नव्हतं. हवालदार धावत परसात गेले, न्हाणीच्या दगडाजवळची माती खुरप्यानं उकरून पिशवीत भरली आणि दहाला पाच कमी असताना चावडीवर हजर झाले.

"वा!" साहेब चिठ्ठी बघून म्हणाले. "सगळ्या गावात एवढा व्यवस्थित नमुना कुणी आणला नाही."

हवालदारांनी सलाम ठोकला, पण साहेबाच्या नजरेला नजर दिली नाही.

आठव्या माळेला टपालानं रपोट आला. हवालदारांनी तो उभ्यानंच वाचला. 'माती अति खारवट. साबण, सोडा व राख यांचा अंश विपुल. भाजीपाल्यास सर्वथा अयोग्य. सदर जमिनीत काही उगवणे शक्य नाही.'

"काय म्हनतोय?" मनुबाईनं विचारलं.

"गिरनी म्हनतोय."

मनुबाई आनंदानं पेढे वाटील असं हवालदारांना वाटलं होतं. पण ती उठून आत गेली. ट्रंक काढून तिनं पुसली, त्यांचे कपडे भरले आणि तांब्या घेऊन देवघरात गेली. हवालदार दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. ती घटाखालच्या मातीवर पाणी शिंपडत देवीशी बोलत होती.

"आई, मी उगंच बोलले गं जावा म्हनून. भांडी वळीनं लावू देत, म्हशीवर वरडू देत. पर आता तरी मानूस घरात ऱ्हाऊ दे."

हवालदार उंबरा ओलांडून आत गेले. खाली बघितलं तर घटाभोवती गहू, हरभरा, ज्वारीचे कोंब चांगले वीतभर वर आले होते.

"मने," ते म्हणाले, "गुन्हा कबूल करतो." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मनुबाई आधी लाजली, मग चिडली, मग एकदम म्हणाली, "मंग सायबाला माती कुटली दिली?"

"न्हानीजवळची."

तिनं त्यांना दंडाला धरून परसात नेलं. न्हाणीच्या पाण्याजवळ उकरलेला खड्डा होता. खड्ड्याच्या काठाशी मनगटाएवढा जाड वेल होता. वेल वर छपरावर गेला होता, आणि छपरावर...

"मोजा," मनुबाई म्हणाली.

हवालदारांनी मोजले. "एकोनीस."

रसूल दसऱ्याचे भोपळे न्यायला आलाच होता. त्यानं खड्ड्यातली चिमूट जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "सायेब खरं बोलतोय हवालदार, लय खारट. पर भोपळ्याला कुटं वाचता येतंय!"

तिघंही इतके हसले की म्हैस अवेळी उठून उभी राहिली.

दसऱ्याला घट उठले. मनुबाईनं नवऱ्याच्या फेट्यात कोंबांचा हिरवागार तुरा खोवला. गिरणीला नकाराचं पत्र गेलं, आणि दुसऱ्या दिवशी हवालदार ओढ्याकाठी वाफे आखू लागले. तेही दोरी लावून, रांगेत. दोरीचं दुसरं टोक मनुबाईनं धरलं होतं.

एक गोष्ट मात्र हवालदारांच्या मनाला लागून राहिली होती. सरकारदरबारी त्यांच्या पंधरा गुंठ्यांवर भलताच डाग बसला होता. त्यांनी साहेबाला सगळं खरं खरं लिहिलं, माफी मागितली, आणि छपरावरचा सगळ्यात मोठा भोपळा उतरवून, खाकी विजारीच्या दुसऱ्या पायात शिवून साताऱ्याला रवाना केला. वर चिठ्ठी होती, 'नमुना नंबर दोन. माती न्हाणीची, तीच.'

पंधरा दिवसांनी सरकारी शिक्क्याचं उत्तर आलं. हवालदारांनी ते मनुबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

'नमुना नंबर एक रद्द समजावा. नमुना नंबर दोनचे घारगे करून तपासले. निष्कर्ष समाधानकारक. खात्रीसाठी आणखी एक नमुना पाठवावा.'